तिघांचीही ब्लँकेटं

छावणीच्या दवाखान्यात बसायला एक खुर्ची धड नव्हती, पण ब्लँकेटं म्हणाल तर पार छताला टेकलेली. निर्वासितांचा भार तिन्ही शेजारी देश वाटून घेणार होते ना, म्हणून तिघांनीही ब्लँकेटंच पाठवली. ब्लँकेटं फोटोत छान दिसतात. डिझेलचा फोटो कोण काढणार?

आणि नेमकं डिझेलच संपत आलं होतं. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली एक पोर काचेच्या पेटीत होती. पेटी जनरेटरवर चालायची आणि जनरेटर काही रात्र काढणार नव्हता. मोठी सिस्टर सकाळपासून दर तासाला टाकीत काठी बुडवून डिझेल मोजत होती.

खर्चाची वाटणी ठरवायला तिन्ही देशांचे अधिकारी आले, तेव्हा तिने त्यांना मुद्दामच वॉर्डात नेऊन ब्लँकेटांच्या गठ्ठ्यांवर बसवलं. समोर पेटी, पेटीला टेकून पोरीची आई.

"आम्ही जागा दिली, पाणी दिलं, वर ब्लँकेटंही दिली," छावणी ज्यांच्या देशात होती त्या बाई म्हणाल्या. "अजून किती करायचं?"

"मग आम्ही काय कमी पाठवलं?" चष्मेवाले साहेब म्हणाले. "त्याच्यावरच तर बसलोय."

तिसऱ्या देशाचे साहेब वयस्कर होते. त्यांनी बुडाखालचा गठ्ठा चाचपला आणि त्यांना हसूच फुटलं.

"आमची आई आजारी होती तेव्हा अगदी हेच झालं. आम्ही तिघं भाऊ, तिघंही रोज केळी न्यायचो. खोलीत केळ्यांचा नुसता खच, आणि औषधाचा पत्ता नाही. प्रत्येकाला वाटायचं, दुसरा आणेल."

"मग?" सिस्टरने विचारलं.

"मग काय, आईने तिघांना झापलं आणि एकेकाला एकेक काम लावून दिलं."

पेटीतल्या पोरीने जांभई दिली.

"जागा आणि पाणी आमच्याकडेच राहू दे," बाई शेवटी म्हणाल्या.

"औषधं आम्ही बघतो," चष्मेवाले म्हणाले.

वयस्कर साहेबांनी फोन काढला. "डिझेल आमचं. टँकर आत्ताच निघेल, सह्या मागाहून होत राहतील. पण यापुढे ब्लँकेट कुणीही पाठवायचं नाही."

टँकर पोचला तेव्हा अंधारून आलं होतं आणि जनरेटर आचके देत होता. आईने दोन्ही हातांनी पेटी कवटाळली होती. डिझेल पडलं, आणि तो पुन्हा धडधडायला लागला.

त्या धडधडीच्या नावाने सिस्टर वर्षभर बोटं मोडत आली होती. आज त्याच आवाजात ती गठ्ठ्यावर आडवी झाली आणि गाढ झोपली. पोरीच्या आईने हळूच उठून एक ब्लँकेट ओढलं आणि तिच्या अंगावर घातलं.