कडी घातली की घर लांबतं

फलटणला आपल्या गच्चीवर चारुशीलानं दुर्बीण आणि कॅमेरा यांच्यामध्ये अंतर वाढवायची एक पातळ गोल कडी घातली, आणि तिकडे सांगलीत तिच्या थोरल्या बहिणीची बैठकीची खोली दोन हात लांबली.

कुमुदताईचा लगेच फोन आला. "चारू, आमचा सोफा भिंतीपासून सुटलाय गं."

"सरकला असेल."

"सोफा जागच्या जागी आहे. भिंत मागं गेलीय."

चारुशीलानं कडी काढली. भिंत परत सोफ्याला टेकली, असं ताईनं सांगितलं. चारुशीलानं कडी पुन्हा बसवली आणि फोन ठेवला.

कड्या तिला तशाही घालायच्याच होत्या. दुर्बिणीचं मागचं भिंग आणि कॅमेरा यांतलं अंतर जरा जरी कमी पडलं, तरी फोटोच्या मधले तारे ठीक येतात आणि कोपऱ्यातले लांबट होतात, मधून पळ काढल्यासारखे. मागच्या थंडीत असंच अंतर जुळवून तिनं मृगातल्या तेजोमेघाचा फोटो काढला होता. तो ताईच्या नवऱ्यानं, अरविंद शिखऱ्यांनी, स्वतःच्या नावावर प्रदर्शनात लावला. शाल-श्रीफळ घेतलं. वर स्टेजवरून म्हणाले, "आमची मेहुणी येते कधीकधी सोबत. सामान उचलायला बरी पडते." लोक हसले, तेही हसले. चारुशीला पहिल्याच रांगेत बसली होती.

तिनं दुसरी कडी घातली. कोपऱ्यातले तारे आखडले. सांगलीचं स्वयंपाकघर बैठकीपासून इतकं दूर गेलं, की हाक ऐकू जाईना. त्याच वेळी चारुशीलाच्या गच्चीचा कठडा चार पावलं आत आला. तिकडे वाढत होतं ते इकडून जात होतं. तुळशीची कुंडी कठड्याखाली चिरडली. चारुशीलानं खुर्ची घडी करून जिन्यात ठेवली आणि पुढची कडी उचलून बसवली.

दुसऱ्या रात्री भाऊजींनी स्वतः फोन केला. त्यांचा आवाज उशिरा पोचत होता.

"चारुशीला, तू काय करते आहेस ते कळलंय मला."

"फोटो काढतेय, भाऊजी."

"मला दार सापडत नाहीये. काल दाराकडे निघालो, अजून चालतोय."

"दमला असाल. सामान काही उचललंय का सोबत?"

उत्तर लांबून आलं, "तो फोटो तुझा होता. सगळ्यांसमोर सांगतो. पाया पडतो तुझ्या, कड्या काढ."

हेच ऐकायला तिनं वर्षभर दात आवळून धरले होते. तिनं स्क्रीनकडे पाहिलं. चारही कोपऱ्यांत तारे टाचणीच्या टोकासारखे गोल होते. असा फोटो तिला आजवर साधला नव्हता. कठडा दोन्ही कोपरांना लागत होता. इथं थांबलं असतं तरी चाललं असतं.

"ताईला फोन द्या," ती म्हणाली.

"ती आत पाणी आणायला गेली," भाऊजींचा आवाज आला. "घर दुसऱ्यांदा लांबलं... तेव्हाच. अजून यायचीय."

कड्या काढायला चारुशीलाचा हात कॅमेऱ्यावर गेला. एवढ्यात फोनमधून, बोलण्याच्या मागाहून निघालेलं असावं तसं, भाऊजींचं हसू ऐकू आलं. तेच, स्टेजवरचं.

तिनं आणखी एक कडी घातली.

ही कडी जास्तीची होती. फोटो बिघडला. कोपऱ्यातले तारे वाकले आणि मधल्या जागेभोवती गोल फिरल्यासारखे दिसू लागले. कठडा तिच्या पाठीला चिकटला, श्वास अर्धाही आत जाईना. हात वाकवून तिनं मधला भाग मोठा केला. तिथं एक बारीक उजेड होता. तो तारा नव्हता. हातात बॅटरी घेतलेली एक बाई पाठमोरी चालली होती, आणि चारुशीलानं "ताई" म्हणून हाक मारली तेव्हा ती थांबून भलत्याच दिशेला बघू लागली.