माझी काळी खिडकी कोणी वाचत नाही

मी एक जुनी बॅच फाईल आहे, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने हुकूम देणारी छोटीशी फाईल, आणि मित्रांनो, आज मी अगदी वैतागून गेले आहे.

माणिकपूरच्या एका प्रिंटिंगच्या दुकानात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझं घर. विद्याधरदादांनी मला चार ओळींत लिहिलं. इथला पत्रिका छापायचा जुना प्रोग्रॅम भारी हट्टी! स्वतःच्या फोल्डरमधून सुरू केला तरच अक्षरं उमटवतो, नाहीतर नुसते चौकोन. म्हणून मला क्लिक केलं की मी त्याच्या फोल्डरमध्ये जाते, त्याला उठवते आणि काम संपलं की परत येते. पुढे दादा नोकरीसाठी पुण्याला गेले आणि त्यांची धाकटी बहीण हेमांगी दुकान बघू लागली. आधी ती म्हणायची, "ही आहे म्हणून बरं!" मग मी आहे हेच ती विसरली.

दसरा आला. पूजेआधी हेमांगीने दुकान झाडलं आणि कॉम्प्युटरही आवरायला घेतला. 'जुन्या पत्रिका' हे त्या हट्टी प्रोग्रॅमच्या फोल्डरचं नाव तिला बरं दिसेना, म्हणून तिने 'शुभ पत्रिका' ठेवलं. मला कोणी सांगितलं? छे! पडद्यावर झेंडूचं फूल मात्र वाहिलं.

शनिवारी भुईगावहून लुसी आंटी आल्या, मुलीच्या, बेलाच्या लग्नाच्या पत्रिका न्यायला. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये रविवारची मिस्सा सुटल्यावर सगळे नातेवाईक भेटणार, तिथेच त्या वाटायच्या होत्या. हेमांगीने मला क्लिक केलं. मी धावले, तर फोल्डर गायब! सांगितलेली जागा सापडत नाही, असं मी, मला क्लिक केलं की पडद्यावर उघडते त्या काळ्या खिडकीत स्पष्ट लिहिलं. पण माझ्या ओळी संपल्या की ती खिडकी आपोआप मिटते. कोणी वाचायच्या आत ती मिटलीसुद्धा.

हेमांगी पुन्हा पुन्हा क्लिक करत राहिली आणि मी तेच ओरडत राहिले. मग रिपेअरवाला जितेंद्र आला. "व्हायरस आहे ताई. फॉरमॅट मारून टाकू?"

फॉरमॅट! म्हणजे मी गेले आणि बेलाच्या पत्रिकाही गेल्या. अरे बाबा, आधी वाच तरी!

लुसी आंटी रडकुंडीला आल्या. हेमांगीने घाबरून दादांना फोन लावला.

"काळ्या खिडकीत काय लिहून येतंय?" दादांनी विचारलं.

"वाचायला मिळतंय कुठे? लगेच बंद होते रे!"

"थांब, मी शूटिंग करते," लुसी आंटी म्हणाल्या. त्यांनी मोबाईलवर मला टिपलं आणि व्हिडिओ बरोबर मध्येच थांबवला. हेमांगीने वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, फोल्डरचं नाव मीच बदललं की!"

जुनं नाव परत दिलं आणि भराभर पत्रिका निघाल्या. लुसी आंटींनी पहिली पत्रिका छातीशी धरली. जितेंद्रला चहा मिळाला. मला काय मिळालं?

दादा फोनवर म्हणाले होते, "तिच्या शेवटी 'पॉज' एवढा एकच शब्द टाक, म्हणजे खिडकी उघडी राहील."

"टाकते रे, नंतर."

मित्रांनो, ते 'नंतर' अजून आलेलं नाही. आम्हाला फुलं वाहू नका, आम्ही काय सांगतो ते तेवढं वाचा. मला तर एकच शब्द हवा आहे, आणि तोही लवकर. कारण दिवाळीची साफसफाई तोंडावर आली आहे, आणि आत्ताच पडद्याकडे बघत हेमांगी म्हणाली, "बाई, केवढा पसारा झालाय इथे!"