पहिला नको

कादंबरी गेल्या वर्षापर्यंत वर्गात हातसुद्धा वर करायची नाही, आणि यंदा ती शाळेच्या डिबेट टीमची कॅप्टन होती. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीसारख्या खाणीच्या गावात कोण कशाचा कॅप्टन हे सुपरमार्केटच्या काउंटरवरही कळतं. त्यामुळे ती हल्ली दूध आणायलासुद्धा ऐटीत जायची.

त्याच ऐटीत तिने जर्मनचा निबंध लिहिला. ऑनलाइन वर्गाच्या जॅनेट मिसने एक जुनी जर्मन कथा वाचायला दिली होती. एका पाद्र्याला वाटतं, आपल्या मुलालाही पाद्री व्हायचंय. मुलाला वाटतं, वडिलांची तशी इच्छा आहे. दोघं एकमेकांचं मन राखत बसतात आणि मुलगा नको असलेल्या चर्चमध्ये जन्म काढतो. कादंबरीने ठोकून दिलं की ही माणसं निव्वळ बावळट आहेत, एक वाक्य बोलली असती तर कथा दीड पानात आटोपली असती. जॅनेट मिसने खाली लिहिलं, "तू बोलली असतीस?" ही काय विचारायची गोष्ट झाली, असं कादंबरीला वाटलं.

त्याच आठवड्यात जेवताना बाबाने, म्हणजे शैलेंद्रने, पर्थच्या एका हॉस्टेलची माहिती पुढे ठेवली. अकरावी-बारावी तिकडे, मोठ्या शाळेत. सुट्टीत घरी, गाडीने सहा-सात तास. कादंबरीने लगेच सांगितलं, "नको. मला इथेच राहायचंय."

आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही कौतुकाने हसले.

तिथेच सगळं फसलं. कारण या घरात पहिला नको कधी धरलाच जात नाही. पाहुणा पोळी नको म्हणाला की आई वाढते, दुसऱ्यांदा म्हणाला की तूपही घालते. आई, म्हणजे मंजिरी, स्वतः पोटात कावळे ओरडत असताना दुसऱ्यांच्या घरी तीनदा नको म्हणून मग जेवते. लेकही तेच करतेय, आपल्याला एकटं वाटू नये म्हणून मन मारतेय, अशी दोघांची खात्री पटली.

कादंबरीने दुसऱ्या दिवशी कारणं दिली. तिसऱ्या दिवशी मुद्दे मांडले, उदाहरणांसकट. डिबेटमध्ये एवढ्यावर ती जिंकली असती. बाबा म्हणाला, "किती समजूतदार झालीयेस गं तू. आमची काळजी करू नकोस."

"बाबा, आय अ‍ॅम नॉट बीइंग पोलाइट!"

"हो, हो," म्हणत आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

जितकं जोरात नको म्हणावं, तितकं दोघांना भरून यायचं. रडली, तर आईसुद्धा रडायची आणि म्हणायची की जाताना असंच होतं. घर तेच, खिडकीबाहेरची लाल माती तीच, पण कादंबरीला वाटायला लागलं की आपण जाड काचेमागून ओरडतोय आणि पलीकडची माणसं प्रेमाने हात हलवताहेत. मग नवीनच शंका डोकवायला लागली. ही दोघं एवढी मागे लागलीत, म्हणजे यांनाच मी नकोय का? तिने आईला गाठून विचारलं, तुला मी जायला हवीय का? आई ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "माझं काय विचारतेस? तुझं भलं झालं की झालं." कादंबरीला त्यातून हो ऐकू आलं. आईचा चेहरा तिला दिसला नाही.

शेवटी बाबाने हॉस्टेलचा अर्जही भरून टाकला, तेव्हा तिने शाळेतून तिथे फोन केला. कॅरेन नावाच्या बाईंना सांगितलं की मला यायचं नाहीये. बाईंनी एकदाच विचारलं, नक्की ना? मग म्हणाल्या, "नो वरीज." बस. एका नकोत काम झालं. कादंबरी घरी जवळजवळ नाचतच आली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

आई खुर्चीत बसली. बाबाने लॅपटॉप पुढे ओढला. तो खाणीत खोलवर हवा पोचवणारा इंजिनियर, त्या कामावर जीव असलेला माणूस. सुट्टीतही पंख्यांच्या गोष्टी सांगायचा.

"आमच्यासाठी एवढं सोडलंस," तो म्हणाला. "मग असं नाही चालणार. पर्थच्या ऑफिसात जागा आहे. मी आजच कळवतो. सगळेच जाऊ."

"बाबा, तुला जायचंय का पर्थला?"

"हो. मला काय, कुठेही चालतं."

हा पहिला हो होता. कादंबरीने पुन्हा विचारलं. तो पुन्हा हो म्हणाला, हसून. तिने तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी तो तिच्याकडे न पाहता हो म्हणाला आणि लॅपटॉप उघडून मेल लिहायला लागला. आई त्याच्यामागे उभी राहून हो-हो करत होती आणि पदर नसलेल्या कुर्त्याच्या बाहीने डोळे टिपत होती.

कादंबरी टेबलाला धरून उभी राहिली. अजून किती वेळा विचारायचं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाबाने मेल पाठवली.