अंगावरची जर्सी

पिकतं तिथे विकत नाही, ही म्हण आमच्या दादाला बघूनच कुणीतरी केली असावी. आपल्या देशाच्या रग्बी संघाच्या निवड चाचणीला तो तीनदा गेला आणि तीनदा हात हलवत परत आला. पहिल्यांदा निवड समितीचे अध्यक्ष म्हणाले, वजन कमी आहे. दादाने वर्षभर खाऊन खाऊन वजन वाढवलं, तर म्हणाले, वेग कमी आहे. तिसऱ्यांदा ते काही बोललेच नाहीत, कारण त्या जागेवर त्यांचा भाचा आधीच उभा होता. भाच्याचं वजन आणि वेग दोन्ही बेताचेच, पण मामा भक्कम.

मग दादा परदेशी गेला. आठवडाभर शीतगृहात खोकी उचलायची आणि रविवारी तिथल्या क्लबकडून खेळायचं. काही वर्षं राहिल्यावर तो नियमाने त्या देशाकडून खेळायला पात्र ठरला आणि त्यांनी त्याला लगेच उचलला. आमच्या आडनावाचा उच्चार त्यांना अजून जमत नाही, पण खेळाडू ओळखता येतो.

इकडे गहजब! रग्बीचा चेंडू गोल असतो की लांबट हेसुद्धा ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी दादाला देशद्रोही ठरवलं. समोरच्या काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. तेवढा एक फायदा झाला. पुढे दादाने मोठ्या स्पर्धेत मैदान गाजवलं आणि बघता बघता तो भूमिपुत्र झाला. काकांनी वार्ताहराला सांगितलं की त्याला पळायला आपणच शिकवलं. अध्यक्षांनी तर कहर केला. "मी कडक होतो, म्हणून तो घडला," असं ते टीव्हीवर, कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. माझ्या हातात तेव्हा रिमोट होता म्हणून बरं, दगड नव्हता.

बाबांचं तिसरंच. ते देशद्रोही म्हणत नव्हते, भूमिपुत्रही म्हणत नव्हते. दादाचा सामना लागला की पायात चपला सरकवून भाजी आणायला निघायचे, घरात भाजी असली तरी. "त्यांच्यासाठी खेळतोय ना? मग त्यांनी बघावं," एवढंच बोलायचे. दादाचा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता आणि दादाला ते कायम डाचत होतं.

अशात दादाचा संघ इथे खेळायला आला. त्याच्या कारकिर्दीतला हा शेवटचा सामना. गुडघे निकालात निघाले होते. हॉटेलवरून त्याने मला फोन केला.

"सामना संपला की खेळाडू समोरच्याशी जर्सी बदलतात गं. आपली जर्सी एकदा तरी हातात हवी मला. आणि बाबांना घेऊन ये. ओढत आण हवं तर."

ओढावं लागलं नाही. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी दारात उभे होते.

सामना आपण हरलो, त्यात नवल नव्हतं. दादाच्या हातात चेंडू आला की लोक हुर्यो उडवायचे आणि तो दोघातिघांना अंगावर घेऊन पुढे घुसला की तेच लोक टाळ्या वाजवायचे. आम्ही मैदानाच्या अगदी जवळ होतो; बाबा गुडघ्यांवर हात ठेवून, पापणी न लववता बसले होते.

शिट्टी वाजली. अध्यक्षांचा भाचा, पोरगा तसा सरळ, धावत दादाकडे आला. दोघांनी जर्स्या काढल्या. इतक्यात आपल्या संघटनेचा स्टोअरकीपर पोतं घेऊन धावत आला.

"ओ, ती पोत्यात टाका! जर्स्या संघटनेच्या आहेत. धुऊन मुलांच्या संघाला द्यायच्यात."

तिथेच अध्यक्ष पुष्पगुच्छ घेऊन उभे होते. दादाने त्यांना हात जोडले. "साहेब, एकच द्या. नवीन करून देतो तुम्हाला."

"नियम म्हणजे नियम," अध्यक्ष म्हणाले. "अहो, इथे मी सख्ख्या भाच्याचीही गय करत नाही."

जर्सी पोत्यात गेली. दादा भर मैदानात उघडा उभा राहिला, स्वतःची जर्सी हातात धरून, आणि ती घ्यायला समोर कुणी नव्हतं. मला रडूच आलं.

शेजारी बघते तर बाबा नव्हते. ते पायऱ्या उतरून खाली पोचले होते. फाटकावरच्या रखवालदाराने पास मागितला. "बाप आहे त्याचा," असं म्हणून बाबा त्याला बाजूला सारून आत गेले. दादासमोर उभे राहून त्यांनी शर्टाची बटणं काढली आणि हजारो लोकांदेखत बनियनवर उभे राहिले.

"घे. हा संघटनेचा नाही, माझा आहे."

दादाने शर्ट घेतला, पण त्याचा एक दंडसुद्धा बाहीत जाईना. बाबांनी त्याच्या हातातली घामाने भिजलेली जर्सी ओढून घेतली आणि डोक्यातून घातली. ती त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आली. बाबा खाली वाकून ती बघत राहिले, मग मान वर करून त्यांनी दादाकडे पाहिलं.

"एवढा मोठा कधी झालास रे?"