पांढरं अस्तर

हाईम पेणकरांचा उजवा हात कापायला लागला, तेव्हापासून बायकोसमोर तो कायम खिशात असे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस हो! मुंबई सोडून लंडनला आले, रिटायर झाले, आणि बोटभर उंचीचे सैनिक रंगवायचा छंद जडला. आता ब्रश सैनिकाच्या डोळ्यावर टेकवावा, तर रंग मिशीला.

"रविवारी सगळं खोकं जेरेमीला देऊन टाकतो," २००७च्या डिसेंबरातल्या एका शुक्रवारी त्यांनी बायकोला, मझलला, सांगितलं. "क्लबात नुसता खेळ बघायला जाईन." आणि उगाच खोकले.

असे सैनिक मांडून टेबलावर लुटुपुटूच्या लढाया खेळणाऱ्यांचा तो क्लब; जेरेमी तिथला दोस्त, भला माणूस. त्याने पातळ, पारदर्शक रंगाच्या दोन बाटल्या दिल्या होत्या. हा रंग आपणहून खाचांत उतरतो, बघता बघता वाळतो, हात स्थिर नसला तरी चालतं, म्हणाला होता. हाईमनी एका सैनिकावर तो फासून पाहिला. काही म्हणजे काही दिसेना!

"बंडल आहे सगळं!"

"अहो, काळ्या तव्यावर हळद चोळली तर दिसेल का?" मझल भाजी चिरता चिरता म्हणाली. "खाली पांढरं मारा की!"

"तुला काय कळतंय यातलं?" ते खेकसले. रंगाखाली काळं अस्तर मारायची त्यांची जुनी सवय; एखादा कोपरा रंगवायचा राहिला तरी सावली म्हणून खपून जातो. पण बाईचं बरोबर होतं, तेच तर झोंबलं. पुटपुटत मागच्या अंगणात गेले, कोऱ्या सैनिकावर पांढरा स्प्रे मारला आणि हीटरपाशी वाळवला. शब्बाथचे, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे शुक्रवारी सूर्यास्ताआधी लागतात; त्याला अर्धा तास उरला होता. दिवे लागले की ब्रश खाली, हा घरचा नियम.

हात कापतच होता. निळा रंग कोटावर नुसता सांडला. आणि काय गंमत! रंग आपला आपण चुण्यांत जाऊन बसला, कडांवर फिका राहिला. तपकिरी रंगाने चेहऱ्यावरही तेच केलं. थोड्या वेळाने बोट लावलं, तर कोरडा!

"हुश्श!" हाईम खुर्चीत रेलले. केवढं ओझं उतरलं छातीवरचं! डोळे वाहत होते, ते पुसायचं भानही राहिलं नाही.

"चला, दिव्यांची वेळ झाली," मझलने स्वयंपाकघरातून हाक मारली.

"आधी जेरेमीला फोन लाव. खोकं मिळणार नाही म्हणावं!"

त्यांनी आत जाऊन सैनिक तिच्यापुढे धरला, उजव्याच हातात. सैनिक थरथरत होता.

मझलने सैनिकाकडे नंतर पाहिलं. आधी तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.