उत्तरापुरती शांतता

आमच्या घरामागे खिडक्या नसलेली एक इमारत आहे. चार मजली, शेवाळलेल्या काँक्रीटची; तिच्यात माणूस राहत नाही. माथ्याजवळच्या भिंतीत एक चौकोनी तोंड ठेवलेलं आहे. त्यातून दिवसभर पाकोळ्यांचा टिपलेला आवाज बाहेर सांडत राहतो आणि मगरिबच्या बांगेच्या सुमारास खऱ्या पाकोळ्या आत शिरतात. आमच्या सांपित शहरात अशा इमारती घरांहून उंच आहेत. त्यांच्या कर्ण्यांखालीच आम्ही जन्मतो, निकाह लावतो, पुरले जातो.

आत कुणी राहतं आहे अशी खात्री पटल्याखेरीज पाकोळी, आम्ही विकतो ते, लाळेचं घरटं बांधत नाही. ती खात्री आवाज देतो. आमच्या इमारतीचा आवाज अबाहनी, माझ्या वडिलांनी, स्वतः टिपला होता. पहिल्या जोड्या वस्तीला आल्या तेव्हा, तिच्या खालच्या दारातून आत जाताना. टिपायचं यंत्र त्यांनी बाहेरच सुरू केलं. म्हणून त्या फाइलीच्या सुरुवातीला दारावर बोटांच्या पेरांची टकटक होती, मग त्यांचा प्रश्न, "दातू, आत येऊ का?" आणि त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. मग दार, आणि मग पाखरं.

न विचारता आत जायचं नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. पाखरं बुजतात, हे एक कारण. दुसरं कारण दातू: त्या जागेचा म्हातारा, भिंतींच्या आधीचा, जमिनीला जमीन हे नाव मिळण्याच्याही आधीचा. त्याला विचारायचं आणि थांबायचं. उत्तर ऐकू येत नाही. पण थांबायचं तेवढंच, जेवढं उत्तराला लागेल.

अबाह गेल्याला आता वर्ष होत आलं होतं. फाइल संपून पुन्हा सुरू झाली की इमारतीच्या पोटातून त्यांचा प्रश्न यायचा. आई मागच्या पायरीवर हारुआन मासे साफ करत बसलेली असे. प्रश्न आला की तिचा सुरा थांबायचा. पाखरं बोलू लागली की पुन्हा चालायचा. तिच्या दिवसाला त्या थांबण्याचा ताल होता.

मग अमांग शाहरानी आले, आईचे धाकटे भाऊ, बंजारमासिनहून, आवाज वाजवायचं नवं यंत्र घेऊन.

"अरे उतुह," पायरीवर टेकत ते म्हणाले, "तू पाकोळ्या बोलावतोयस की मेलेलं माणूस? मधेच तुझ्या अबाहचा आवाज येतो. मी मूत अडवून धरला तिकडं मागं, माहितीये?"

"पाखरं त्याच आवाजावर आलीत, अमांग."

"पाखरांना कुठली बंजार बोली कळते? तू कंप्युटर घेऊन बसतोस ना खोलीत? धुऊन काढ जरा. घरघर किती आहे त्यात! शेजारच्या हाजीचं ऐक, कसं काचेसारखं."

आई म्हणाली, "शाहरानी, तुझा भात वाढलाय. तो खा आणि गप्प बस."

ते हसले, भात खायला उठले आणि उठता उठता यंत्र माझ्या मांडीवर ठेवून गेले.

नवं यंत्र फक्त एमपी-थ्री वाजवायचं. अबाहचं जुनं कार्ड आत घालताच त्यानं विचारलं, सगळं पुसून तयार करू? मी हो म्हटलं. फाइल माझ्याकडे उतरवलेली होती. मग मी ती पडद्यावर उघडली. आवाजाची निळी रेघ: टकटकीचे टोकदार काटे, प्रश्नाची लहानशी टेकडी, आणि नंतर लांबवर सपाट काहीतरी, ज्यात विजेची घरघर तेवढी होती.

घरघर काढायची तर घाण कशाला म्हणायचं, हे प्रोग्रामला आधी दाखवावं लागतं. जिथे दुसरं काही नाही असा तुकडा निवडायचा. तो त्याची ओळख पक्की करतो आणि तेवढंच सगळीकडून उपटून काढतो. माझ्यासमोर असा एकच तुकडा होता. प्रश्नानंतरचा. मी तो निवडला. मग टकटक आणि प्रश्न कापून वेगळ्या फाइलीत जपून ठेवले. मुलगा होतो मी त्यांचा. मधली शांतता तशीच पुसली, आणि उरलेलं त्याच नावाने साठवलं. जुन्यावर नवं. आवाज जपावासा वाटतो. शांतता कोण जपतं?

इमारत काचेसारखी गाऊ लागली.

त्या आठवड्यात दलदलीच्या जमिनीला आतून आग लागली होती. धुरानं मेंताया नदीचा पलीकडचा काठ नाहीसा केला होता. त्या पिवळट संध्याकाळी पाकोळ्या आल्या, चौकोनी तोंडासमोर गोळा झाल्या, आणि वळल्या. आत कुणीतरी दार लावून घ्यावं तशा. दुसऱ्या दिवशी तेच. पुढे त्या यायच्याही कमी झाल्या. आत टॉर्च मारला तर फळ्यांवरची घरटी रिकामी, कडा वाळलेल्या.

"धुरामुळं," मी म्हणालो.

"हाजीकडं धूर नाही का?" आई म्हणाली. सुरा तिच्या हातात होता. ती तो न थांबता चालवत होती, कारण थांबायला आता काही उरलं नव्हतं. माशाचे तुकडे फार बारीक झाले होते. ती जेवतही नव्हती नीट.

अमांग तिला समजावू लागले. "ताई, वर्षाचा फातिहा झाला की विकून टाकू. मोकळ्या इमारतीला पहारा कशाला द्यायचा? माझ्याकडं ये. नातवंडं आहेत, टीव्ही आहे."

"मी इथून हलले तर तिथं पुरायलाच न्या मला," आई म्हणाली. गंमत नव्हती तिच्या आवाजात. मला तेव्हा कळलं, पाकोळ्या परतल्या नाहीत तर फातिहानंतर ही बाई आमच्या हाती लागणार नाही.

मी दोष शोधू लागलो. एमपी-थ्री आवाजाचं वरचं टोक खरवडून काढतो. माणसाला ते कळत नाही, पाखराला कळतं. जुनं यंत्र दुरुस्त करून आणलं, धुतलेली फाइल एमपी-थ्री न करता चढवली. पाकोळ्या थोड्या जवळ आल्या, आणि वळल्या. आवाज वाढवला, कमी केला. कर्ण्यांच्या तारा तपासल्या, एकाची उलटी जोडलेली निघाली, ती सरळ केली. वळल्या.

शेवटी मी जपून ठेवलेला तुकडा पुन्हा फाइलीच्या सुरुवातीला जोडला. टकटक, प्रश्न, आणि त्यापुढे प्रोग्रामकडून तेवढ्याच लांबीची शांतता बनवून घेतली. संध्याकाळी अबाहचा आवाज इमारतीतून आला. आईचा सुरा थांबला. पाकोळ्या तोंडाशी आल्या, हवेत थरथरत राहिल्या, अगदी काठाला पंख लागेल इतक्या जवळ.

आणि वळल्या.

"हे काय लावलंयस?" आई म्हणाली.

"तेच आहे, मा. त्यांचाच आवाज."

"त्यांचा आहे. पुढं काय घातलंस?"

"काही नाही. शांतता."

"ती शांतता नव्हे रे. ते रिकामं आहे." तिनं हात पुसले. "तिथं कुणी नाही."

मी पडद्याकडे पाहिलं. ती रेघ खरोखरच शून्य होती, जगात कुठेही नसते इतकी. आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. त्या जागेचा श्वास मी केवळ पुसला नव्हता. त्याची ओळख घाण म्हणून पटवून देऊन मी तो पाखरांच्या मागूनही, प्रत्येक क्षणातून, वेचून काढला होता.

"मग काय करू?"

"विचार," आई म्हणाली, जणू मी वाट चुकलेला पाहुणा आहे. "त्यांनी विचारलं होतं तसं. तू अजून एकदा तरी विचारलंयस का? दुरुस्तीला म्हणून आत-बाहेर करतोस नुसता, बकऱ्यासारखा."

खरं होतं. वडील गेल्यापासून त्या दारावर मी टकटक केली नव्हती; विचारायचं काम अबाह फाइलीतून करतच होते.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर गेलो. धूर दाट होता, वारा अजिबात नव्हता. केळीचं पान हलत नव्हतं. इमारतीतला आवाज बंद ठेवला होता, आणि त्यामुळे सगळी वाडी कान टवकारून बसल्यासारखी वाटत होती. डाव्या हातात यंत्र, उजव्यात माइकची लांब काठी. यंत्र सुरू केलं. काठी काखेत धरून दार ठोठावलं.

"दातू, आत येऊ का?"

माझा आवाज मला अबाहसारखा लागला. मी थांबलो. काही ऐकू आलं नाही. पण एका क्षणी वाटलं की पुरे झालं. कोपरानं दार ढकललं आणि शिरलो. आत अंधार, ओली उष्ण हवा, विष्ठेचा वास, आणि अगदी वर कुठेतरी, न गेलेल्या दोनचार पाखरांची किटकिट. शेवटच्या मजल्यापर्यंत चढलो, तेवढं टिपलं आणि आलो.

फाइल खोलीत उघडली. आई माझ्यामागे उभी राहिली. टकटकीचे काटे. प्रश्नाची टेकडी. मग ती सपाट लांबी. शून्य नव्हती, बारीक केसाळ होती, झोपलेल्या कुणाच्या अंगासारखी. मी हेडफोन दाबून धरले. काही नव्हतं त्यात. आईला दिले. ती ऐकत राहिली, आणि त्या सपाट जागी तिनं मान किंचित कलती केली. लग्नाच्या तसबिरीत ती अशीच आहे.

"काय म्हणतायत?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"काय म्हणणार? नेहमीचंच." ती हसली, कित्येक महिन्यांनी. "दार लोटून घे, उजेड शिरतो."

आत शिरणाऱ्या प्रत्येकाला अबाह हेच सांगायचे. कुणालाही आठवलं असतं.

त्या फाइलीला मी कुठेच हात लावला नाही. घरघर तशीच ठेवली, पूर्ण साठवली, कार्डावर चढवली. संध्याकाळी इमारतीतून माझा प्रश्न आला, मग ती लांबी. पाकोळ्या धुरातून उतरल्या, तोंडासमोर थरथरल्या. लांबी संपली. एक आत गेली. मग जणू कुणी दोर सोडावा तशा सगळ्या.

"बघा," अमांग फोनवर म्हणाले, "सांगितलं होतं ना, नीट धू म्हणून!"

आई पायरीवर मासे साफ करते. तिचा सुरा पुन्हा थांबतो. विक्रीची गोष्ट कुणी काढत नाही.

मी मात्र ती फाइल एकटा असताना उघडत नाही. कारण शांततेच्या शेवटी, माझी पावलं आत गेल्यानंतर, रेघेवर आणखी एक लहानसा काटा आहे. नीट ऐकलं तर कळतं: कुणीतरी दार हलकेच, पाखरं बुजू नयेत इतकं हलकेच, लोटून घेतं. माझे दोन्ही हात भरलेले होते. दार मी उघडं टाकून गेलो होतो.