दगडावरची ओळ

"तुझ्या वडलांना शोभेल असंच आहे ते, सरोज," अण्णा म्हणाले.

दफनाला नऊ दिवस झाले होते. ठाण्यातल्या तिच्या दोन खोल्यांत अण्णा एकुलत्या खुर्चीवर बसले होते आणि सरोज उभीच होती. बसायचे तिच्या ध्यानातच आले नव्हते. कबरीचा दगड अण्णा देणार होते. त्यावर 'प्रभूचा विश्वासू दास' असे कोरायचे, हेही त्यांनी ठरवून टाकले होते. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतल्या निम्म्या कबरींवर तेच होते.

दास नको, एवढेच ती म्हणाली.

अण्णांनी समजूत घातली. प्रेषित पौलानेही स्वतःला दासच म्हणवून घेतले. देवापुढे आपण सगळेच दास.

"पौलानं ते आपणहून म्हटलं, अण्णा. आमच्या आजोबांना कुणी विचारलं नव्हतं."

आजोबा, धोंडीबा, शहाडकडच्या कुरणावर अण्णांच्या वडलांचे लग्नगडी होते. लग्नापुरती उचल घ्यायची आणि नवराबायकोने जन्मभर राबून ती फेडायची. धनी ख्रिस्ती झाले, त्यांच्यामागे गडीही झाला. फिटले मात्र काही नाही. त्याचा मुलगा, सरोजचा बाप दौलत, मिशनच्या शाळेत शिकून मास्तर झाला. तीस वर्षे चर्चमध्ये रविवारचा बायबलचा धडा तोच वाचायचा. पण दासांनी धन्याचे ऐकावे, अशी ओळ आली की पुस्तक मिटून खाली बसायचा. पाळकांनी हटकले तेव्हा म्हणाला होता, ते राबणाऱ्याला धीर द्यायला लिहिलंय, पुढच्या बाकावरच्या धन्यांनी ते आपल्या हक्काचं समजू नये. त्यांच्यासाठी पौलाचं निराळं पत्र आहे: पळून गेलेला दास परत येतोय, त्याला भाऊ म्हणून घरात घ्या. ते वाचायला मी केव्हाही उभा राहीन.

"दौलत आमच्या घरचाच गं," अण्णा म्हणाले. "आमच्या आईनं त्याला जेवू घातलंय."

"कुठं बसून जेवायचे बाबा?"

अण्णांनी टोपी गुडघ्यावर फिरवली. पडवीत, ते म्हणाले. मग उठता उठता सांगितले, दगड आमचा तर ओळही आमची. नाहीतर तुझं तू बघ.

सरोजने बरं म्हटले. दूधवाल्याला म्हणावे तसे.

दुसऱ्या दिवशी ती माजिवड्याला काळुराम पाथरवटाकडे गेली. आपल्या मास्तरणीच्या पगारात बसेल असा एक ओबडधोबड दगड तिने निवडला. काळुरामने खडू घेतला.

"दौलत धोंडीबा," ती म्हणाली.

"आन् खाली? तुमच्यात देवाचं कायतरी लिवतात ना?"

"काही नको. धोंडीबा तेवढं मोठं काढा."

"बाई, वारलं कोण? लेकापेक्षा बापाचं नाव मोठं?"

"आजोबांना कुरणाच्या कडेला पुरलं. तिथं खूणसुद्धा नाही."

काळुरामने खडूची अक्षरे पुसली, पुन्हा मोठी काढली आणि छिन्नी लावली. दगडाची भुकटी सरोजच्या पायांवर पडत होती. ती बाजूला झाली नाही.